सूर्याची गावपळण

आमच्या वाडीत कोणी चार दिवस दिसलं नाही, की भेटल्यावर पहिला प्रश्न येतो, "खंय गेल्लंस? नोवाया झेमल्याक?" विचारणाऱ्याला नोवाया झेमल्या म्हणजे काय हे ठाऊक नसतं. कुणाला ते एखाद्या रशियन बाईचं नाव वाटतं, कुणाला गोव्यातलं हॉटेल. खरं तर ती रशियाच्या माथ्यावर, बर्फाळ समुद्रात आडवीतिडवी पडलेली दोन लांबट बेटं आहेत. मालवण तालुक्यातल्या एका भात-काजूच्या गावात हे नाव रुळलं ते माझ्या सासूबाईंमुळे. त्या हायस्कुलात भूगोल शिकवायच्या आणि वर्गात लक्ष नसलेल्या पोराला विचारायच्या, "काय रे, नोवाया झेमल्याक पोचलंस काय?" त्या पोरांची आता पोरं झाली, पण शब्द वाडीत राहिला.

मी लग्न होऊन वालावलहून इथे आले तेव्हा ओटीवर शिरताच समोर जगाचा नकाशा दिसला. इतरांच्या घरी त्या जागी कुलदैवताची तसबीर असते नाहीतर गेलेल्या आजोबांचा फोटो. शाळेत नवे नकाशे आले तेव्हा हा जुना अडगळीत पडत होता, तो सासूबाईंनी गुंडाळून एसटीने घरी आणला होता. बसमध्ये त्याचं टोक कुणाच्या तरी मानेला टोचलं, त्यावरून कंडक्टरशी भांडण झालं, तेही त्या रंगवून सांगायच्या. नकाशाचा वरचा भाग बोटं लावून लावून पांढरट पडला होता. आपण जगाचा नकाशा बघायला लागलो की आधी आपला देश शोधतो. यांचं बोट सुरू व्हायचं ते ग्रीनलंडपासून, मग स्वालबार्ड, नॉर्वेचं टोक, सायबेरियाचा काठ, आणि शेवटी दमून खाली हिंदुस्थानावर यायचं.

पर्यटक यायला लागले तेव्हा आम्ही घराच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला लागलो. ओटीवर चहा घेताना कुणी ना कुणी म्हणायचंच, ग्रीनलंड केवढं मोठं आहे हो. की सासूबाईंना चेव चढायचा. आत जाऊन त्या पपनस घेऊन यायच्या. ते सोलून साल जमिनीवर दाबून सपाट करायच्या. साल फाटायची. "बघा," त्या पाहुण्यांशी बोलायच्या तशा शुद्ध मराठीत म्हणायच्या, "गोल वस्तू सपाट करायची तर कुठेतरी फाटणार, नाहीतर कुठेतरी ताणावी लागणार. नकाशा काढणाऱ्याला खोटं बोलावंच लागतं. मग तो ते खोटं वरच्या टोकाला ढकलतो. तिथे कोण राहतंय, असं त्याला वाटतं. पण तिथेही माणसं राहतात, हे लक्षात ठेवा." पाहुणे माना डोलवायचे आणि पपनसाच्या फोडी खायचे. माझा जीव मात्र जायचा, कारण शेजारणीच्या झाडाचं ते पपनस मी दुपारच्या कोशिंबिरीसाठी मागून आणलेलं असायचं.

एकदा काजूच्या बिया वेचताना मी त्यांना विचारलं होतं, की एवढं जग पडलंय, त्यात तुम्हाला तो बर्फच का हवा. काश्मीर घ्या, सिमला घ्या. त्यांनी हातातल्या बिया टोपलीत टाकल्या. मग म्हणाल्या, नोकरीची सगळी वर्षं त्या मुलांना शिकवत आल्या की पृथ्वीच्या माथ्यावर हिवाळ्यात दोन-दोन महिने सूर्य उगवत नाही. दर वर्षी एक तरी पोर हात वर करून विचारायचं, "बाई, तुमी बघितलात?" आणि दर वर्षी त्यांना नाही म्हणावं लागायचं. पुस्तकात आहे म्हणून सांगते, असं म्हणताना त्यांना लाज वाटायची. एकदाच, निवृत्त झाल्यावर का होईना, होय, मी बघितलं, असं म्हणता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा कमी केली. अगदीच बंद केली असं नाही.

आमच्याकडे गावपळण असते. बाहेरच्यांना सांगितलं तर त्यांना पटत नाही. दर तीन-चार वर्षांनी, ग्रामदेवाने कौल दिला की, अख्खं गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू राहायचं नाही. गाव तेवढे दिवस देवाचं. वेशीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं, फुगड्या, पत्ते चालतात. चौथ्या दिवशी गुरव पुन्हा देवाला विचारतो आणि देव हो म्हणाला तरच माणसं घरी परततात. नाही म्हणाला तर अजून एक दिवस माळावर. मुंबईत नोकरीला असलेली माणसंही रजा टाकून यासाठी येतात.

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या पाषाणाला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे मागणं मोठ्याने मांडतो, बाकीचे मागून व्हय म्हाराजा म्हणतात, आणि मग सगळे टक लावून बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, घर, विहीर, लांबचा प्रवास, या भागात असं एकही मोठं काम नसेल जे कुणी न विचारता केलंय. सासूबाई भूगोल शिकलेल्या, ग्रहण सुपारी आणि लिंबू घेऊन समजावणाऱ्या, पण कौलाला त्याही कधी नावं ठेवत नसत. म्हणायच्या, घरातली चार माणसं चार दिशांना ओढतात तेव्हा पाचव्या कुणीतरी बोललेलं बरं असतं.

मधल्या एका गावपळणीतली संध्याकाळ मला अजून तशीच्या तशी आठवते. झोपडीसमोर चूल पेटली होती, मी बांगड्यांचं तिखलं करत होते. माझी मुलगी तेव्हा माशांच्या आजारांचं शिक्षण घेत होती, ती सुट्टी काढून आली होती. वाडीतल्या बायका जमल्या होत्या. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, आता गावात कसं असेल, सगळी घरं नुसती गप्प. सासूबाई म्हणाल्या, उत्तरेला एक शहर आहे, ट्रोम्सो नावाचं, तिथे नोव्हेंबर संपता संपता सूर्य जातो तो जानेवारीतच परत येतो. दुपारी बारालाही नुसता निळसर उजेड. मग ज्या दिवशी सूर्याची पहिली कड दिसते त्या दिवशी सगळं गाव टेकडीवर, पुलावर जाऊन उभं राहतं आणि गोड पाव खातं. बायका ऐकत होत्या. "म्हणजे थय सूर्यच गावपळणीक जाता," सासूबाई म्हणाल्या. "आमी तीन दिवस, तो दोन म्हयने." सगळ्या हसल्या. एकीने विचारलं, त्याला परत यायला कौल कोण देतो. सासूबाईंना ते इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस त्या हाच प्रश्न येईल त्याला ऐकवत होत्या.

आणि योगायोग असा, की पुढच्या वर्षी माझ्या मुलीला काम मिळालं ते नेमकं त्या ट्रोम्सोतच, माशांच्या एका प्रयोगशाळेत. योगायोग म्हणते, पण आजीने लहानपणापासून नकाशाचं ते टोक इतकं घासून घासून दाखवलं होतं, की पोरीने दुसरीकडे अर्ज केला असता तरच नवल. पहिल्या हिवाळ्यात तिने दुपारच्या बाराला व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर अंधुक निळा डोंगर, त्याखाली दिव्यांची ओळ. सासूबाई फोन डोळ्यांपाशी नेऊन बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, रस्त्यावर माणसं आहेत का, दुकानं उघडी आहेत का, मुलं शाळेत जातात का. सगळं आहे म्हटल्यावर समाधानाने फोन माझ्या हाती दिला.

दुसऱ्या हिवाळ्यासाठी मुलीने आम्हा दोघींची तिकिटं काढली. सूर्य परततो त्या दिवशी आजीने तिथे असायला हवं, असा तिचा हट्ट. सासूबाईंच्या गुडघ्यांनी एकटीने विमानं बदलणं शक्य नव्हतं, म्हणून सोबतीला मी. माझ्या नवऱ्याचं मालवणात दुकान आहे आणि विमान म्हटलं की तो लांबूनच हात जोडतो, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. व्हिसा आला त्या दिवशी सासूबाईंनी पोस्टमनलाही लाडू दिला, वास्तविक त्याचा व्हिसाशी काही संबंध नव्हता.

मग तयारी सुरू झाली. घामाने निथळत त्या लोकरीची टोपी विणायला बसल्या, कानावर ओढता येईल अशी, निळी. पर्यटक बघून हसायचे. थंडी सोसेल की नाही याची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी लेकाला मोटारसायकल काढायला लावली आणि मालवण बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेल्या. तिथल्या माणसांना वाटलं, म्हातारी मासे ठेवायला बर्फ न्यायला आली असेल. सासूबाईंनी सांगितलं, मला फक्त आत उभं राहायचंय. लाद्या ठेवतात त्या खोलीत त्या शाल गुंडाळून उभ्या राहिल्या, बाहेर लेक घड्याळ बघत घाबराघुबरा. बाहेर आल्या तेव्हा ओठ काळेनिळे झाले होते. घरी येऊन मला म्हणाल्या, "काय नाय गो, सोसता." आणि रात्री अंगाला सुंठ चोळून घेतली.

मार्गशीर्षात वालावलहून भावाचा फोन आला. माझ्या आईला धाप लागत होती, पाय सुजले होते. कुडाळच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं होतं. मी जाऊन आले. आई खाटेवर बसून होती, नजर बाहेर तलावाकडे. मी तिकिटं रद्द करू का, असं विचारलं तेव्हा ती रागावली. "जा गो तू," म्हणाली. "मी काय खंय जातंय?" भाऊ-वहिनी सगळं करत होते, त्यात कुठे कमी नव्हतं. डॉक्टरही म्हणाले, काही सांगता येत नाही, चार महिनेही जातील. मी परत आले आणि बॅग भरायला घेतली.

ते दिवस फार वाईट गेले. मी जाईन असं म्हणत होते, आणि फोन वाजला की हातातलं भांडं खाली पडत होतं. दोनदा भाताला मीठ घातलं, एकदा घातलंच नाही. सासूबाईंनी तो तसाच खाल्ला. त्या मला विचारू शकत नव्हत्या आणि मी त्यांना सांगू शकत नव्हते. नको जाऊया म्हणण्याची हिंमत माझ्यात नव्हती, कारण त्यांचं वय बघता पुढचं वर्ष कुणी पाहिलं होतं. आणि जाऊया म्हणताना आईची खाट डोळ्यांसमोर यायची. एका घरात राहणाऱ्या दोन बायका एकमेकींशी इतकं सांभाळून वागत होत्या, की साधं बोलणं मुश्कील झालं होतं.

सोमवारी सकाळी सासूबाई प्रवासाचा कौल घ्यायला देवळात गेल्या. हे आमच्यात ठरलेलंच असतं, त्यात विशेष काही नव्हतं. लेक सोडायला निघाला तर नको म्हणाल्या, चालत गेल्या. उन्हं वर आल्यावर परतल्या, ओटीवर बसल्या आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देव नाय म्हणता. डावो पडलो. आता ह्यो इषय बंद."

नवऱ्याने मान डोलावली, देव नाही म्हणतोय तर नाही. मुलगी फोनवर चिडली, रडली, म्हणाली तुम्ही दगडाला विचारून विमानं रद्द करता. तिला काय सांगणार? आमच्याकडे माणूस खोटं बोलला तर त्याची चार ठिकाणी चौकशी होते, पण कुणी कौल घेऊन आला की त्याची खातरजमा करायला देवळात जाणं कुणाच्या मनातही येत नाही. गुरवाला जाऊन विचारावं, हे मलाही सुचलं नाही. मी देवावर चिडले, मनातल्या मनात त्याला बरंच बोलले. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी मी वालावलला निघाले.

निघताना सासूबाईंनी ती निळी टोपी माझ्या पिशवीत घातली. "वालावलीक पहाटेची थंडी आसता," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवशीच्या कानार ओढ." मी म्हटलं, तुमची आहे ना ती, पुढच्या वर्षी लागेल. त्यांनी पिशवीची चेन ओढून बंद केली.

माझी आई ती टोपी घालून बसायची. बर्फाच्या मुलखासाठी विणलेली टोपी, वालावलच्या अंगणात. शेजारचे विचारायला आले की म्हणायची, विहिणीन पाठवल्यान. त्या महिन्याभरात मी तिला न्हाऊ घातलं, पेज भरवली, आणि लग्नाआधीच्या ज्या गोष्टी बोलायच्या राहिल्या होत्या त्या बोलले. माझ्या बाबांवर ती रुसून माहेरी गेली होती ती हकिगत मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. जानेवारीत एका दुपारी माझ्या हातचा गुरगुट्या भात खाता खाता तिने मान वळवली आणि ती गेली. त्या आठवड्यातच ट्रोम्सोला सूर्य परतला. मुलीने फोटो पाठवला, दोन डोंगरांच्या मध्ये नखाएवढी केशरी कड. नवरा सांगतो, सासूबाई तो फोटो बराच वेळ बघत होत्या आणि मग त्यांनी विचारलं, सुनेचा फोन आला होता का, ती जेवली का.

त्यानंतर सासूबाई दर सोमवारी देवळात जायला लागल्या. आम्हाला वाटलं, वय झालं, देवाची ओढ लागली. नवरा तर खूश झाला. मी मात्र चेष्टेने विचारलं, देवाने एवढं तुमचं वाटोळं केलं आणि तुम्ही त्याच्याच पाया पडायला जाता. त्या म्हणाल्या, देवाशी जरा हिशोब आहे माझा. मुलीने पुन्हा तिकिटांचं काढलं तेव्हा बघूया म्हणाल्या. दिवाळीत मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं, पण पुन्हा धड चालणं झालं नाही. सोमवारी त्यांना पडवीत खुर्ची टाकून द्यावी लागे, देवळाच्या दिशेला तोंड करून. नकाशाकडे त्या पुढे पुढे बघत नसत. पुढच्या श्रावणात त्या गेल्या. वाडीतली त्यांची जुनी मुलं, आता टक्कल पडलेली, खांदा द्यायला आली.

त्याच वर्षी गावपळण लागली. आम्ही माळावर झोपडी घातली, पण मन लागेना. चूल तीच, तवा तोच. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरव फिरत फिरत आमच्या झोपडीशी आला. वयाने नवऱ्याच्या बरोबरीचा, घरच्यासारखा. मी चहा दिला. इकडचं तिकडचं झालं आणि सासूबाईंचा विषय निघाला. माझ्या तोंडून निघून गेलं, की बाकी सगळं ठीक, पण तुमच्या देवाने त्या बिचारीला एवढं एक जाऊ द्यायला हवं होतं. काय बिघडलं असतं त्याचं?

गुरवाने कपबशी खाली ठेवली. "देवान खंय नाय म्हटल्यान?" तो म्हणाला. "कौल उजवो होतो. मी हात बाजूक घेतलंय नाय, तवसर पाकळी पडली. असो साफ कौल माका कदी गावलो नाय."

"उजवो?" मी विचारलं. त्याच्या लक्षात आलं की मला ठाऊक नव्हतं, आणि तो गोंधळला. जायच्या आधी म्हातारीने घरी सांगितलं असेल असं त्याला वाटलं होतं. मग त्याने एकेक करून सांगितलं. पाकळी पडल्यावर ती हसली होती. ती पाकळी उचलून तिने केसांत खोवली, थोडा वेळ गाभाऱ्यासमोर बसून राहिली. मग उठून म्हणाली, घरी मी डावा पडला म्हणून सांगणार आहे, तू कुणाला बोलू नकोस. गुरव घाबरला. देवाचा शब्द फिरवायचा म्हणजे काय. तर म्हणाली, सुनेची आई आजारी आहे, सून माझ्यापायी तोंड उघडत नाही, मी नको म्हटलं तर माझ्यासाठी झुरत बसेल. देवाने नको म्हटलं तर कुणाला बोल लागणार नाही. देवाला काय जाब द्यायचा तो मी देईन.

"मगे दर सोमवारी येत होती," गुरव म्हणाला. "माका गाऱ्हाणा घालूक देय नाय. आपणच घाली. बा देवा म्हाराजा, तुझ्या नावान मी खोटा सांगलंय. राग धरशीत तर माझ्यार धर. माझ्या सुनेर नको, तिच्या आवशीर नको. मी आपलो मागसून व्हय म्हाराजा म्हणत होतंय."

तो गेला. मी चुलीसमोर बसून राहिले. रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. देवावरचा राग मी फुकटच दोन वर्षं सांभाळला होता, आता तो ठेवायला जागा राहिली नव्हती. त्यांना विचारायचं होतं, की तुम्ही असं का केलंत. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारायचं होतं. आईच्या त्या शेवटच्या महिन्यातला एकेक घास मला आता वेगळा दिसत होता. तो महिना मला नशिबाने मिळाला असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

आणि मला ते पपनस आठवलं, ओटीवर फाटलेलं. खोटं बोलावंच लागलं तर ते अशा टोकाला ढकलायचं, जिथे कुणी राहत नाही असं वाटतं. त्यांनी ते स्वतःच्या वाट्याच्या टोकाला ढकललं. तिथे मी राहते हे मात्र त्या विसरल्या. एवढी वर्षं मुलांना बजावलं, पाहुण्यांना बजावलं, आणि स्वतःच्या वेळी नेमकं तेवढंच विसरल्या.

चौथ्या दिवशी सकाळी देवाने परतायचा कौल दिला, नगारा वाजला आणि माणसं, गुरं, टेंपो, रिक्षा सगळं गावाकडे वळलं. बंद राहिलेल्या घराला एक वास येतो, तो घेत मी खिडक्या उघडल्या. ओटीवर नकाशा होता. मुलीचा फोन आला, म्हणाली, इथे काल सूर्य गेला. या वर्षी तू तरी ये. मी म्हटलं, बघते. जाईनही कदाचित. पण टेकडीवर उभी राहून ती केशरी कड बघताना मला काय होईल ते मला आत्ताच माहीत आहे. मला कुणी कधी विचारलं नव्हतं, बाई, तुमी बघितलात म्हणून. ज्यांना विचारलं गेलं त्यांची उत्तर द्यायची वेळ निघून गेली.

तो सोमवार होता. आंघोळ करून मी देवळात गेले. गुरव झाडलोट करत होता. मला बघून त्याने पाकळ्यांच्या ताटाला हात घातला. प्रवासाचा लावायचा का, असं तो विचारत होता. मी नको म्हटलं. सासूबाई उभ्या राहायच्या ती जागा त्याने दाखवली, खांबाच्या डावीकडे. मी तिथे उभी राहिले. गाऱ्हाणं मी जन्मात कधी घातलं नव्हतं, आमच्यात ते पुरुष घालतात. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "तू तिका होय म्हटलंस. ता तिणा माका दिल्यान. तिच्यार राग धरू नको."

मागून गुरव म्हणाला, "व्हय म्हाराजा."